यकृतातील संधानघटक आणि कार्यकारणभावाचा प्रश्न

जनुकाची पहिली आरएनए-प्रत प्रथिननिर्मितीस जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. तीतील काही खंड वगळून उरलेले जोडावे लागतात. या जोडणीस संधान म्हणावे. कोणते खंड राखावयाचे हे ठरविण्यात एसआरएसएफ-३ सारख्या प्रथिनांचा हात असतो, हे परीक्षानळीत पूर्वीच दिसले होते. परंतु या कुळातील अनेक जनुके समूळ काढल्यास उंदराचा गर्भच जगत नाही. सेन, जुमा व वेबस्टर यांनी २०१३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे जनुक केवळ यकृतपेशींतून काढून ती अडचण ओलांडली. ही योजकता वाखाणण्याजोगीच होय.

या उंदरांच्या यकृताची रचना विस्कटली, ग्लायकोजेनचा साठा घटला, उपवासात रक्तशर्करा उतरली, कोलेस्टेरॉलची निर्मिती मंदावली. एचएनएफ-१ आल्फा, स्कॅप आदी जनुकांचे संधानही बिघडलेले आढळले. आणि या बिघाडांनी लक्षणांचा उलगडा होतो, असे लेखक म्हणतात. हा 'उलगडा' मात्र घाईचा वाटतो. या उंदरांची वाढ जन्मापूर्वीपासूनच खुंटलेली असते, यकृतपेशी पुरती परिपक्वच होत नाही. अशी पेशी ग्लायकोजेन साठविणार तरी कशी? मग चयापचयातील दोष हा संधानाचा थेट परिणाम, की अपुऱ्या परिपक्वतेची केवळ छाया? एचएनएफ-१ आल्फा स्वतःच यकृतातील कित्येक जनुकांचे नियमन करीत असल्याने गुंता अधिकच वाढतो. प्रौढ उंदरातून घटक काढणे, किंवा एखाद्याच जनुकाचे शुद्ध रूप परत देऊन पाहणे, हीच खरी कसोटी.

कुमार व सहकाऱ्यांचा २०१९ चा निबंध याहून समाधानकारक आहे, कारण त्याची वाट उलटी आहे. पामिटिक आम्लाच्या ताणाखाली या घटकाच्या अकराव्या स्थानावरील लायसिनला नेड-८ हे लहान प्रथिन जोडले जाते व घटक नष्ट होतो. हा नाश रोखल्यास उंदरांत मेद, दाह व तंतुमयता यांपासून अंशतः संरक्षण मिळते. 'अंशतः' हा शब्द लेखकांनी प्रामाणिकपणे वापरला आहे. मानवी यकृताच्या नमुन्यांतही घटक कमी आढळला. परंतु त्या नमुन्यांवरून आधी काय व मागून काय, हे ठरत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात, राहुरी वा लोणी येथे हे वाचणाऱ्यास आणखी एक प्रश्न पडावा. ज्वारी-बाजरीच्या आणि उसाच्या या मुलखात ताटातील तूप बेताचे असले, तरी गरजेपेक्षा अधिक पिष्ट व साखर मिळाल्यास यकृत स्वतःच मुख्यत्वे पामिटिक आम्ल घडविते. बाहेरून आलेले व आत घडलेले पामिटिक आम्ल या घटकाचा सारखाच नाश करते काय, हे पाहण्यास उंदरांचे दोन गट आणि दोन आहार पुरेसे आहेत.