मानसशास्त्रातील आचार्यपदवी : विशेषीकरण, साधन आणि प्रदेश

आचार्यपदवीच्या प्रबंधाने ज्ञानात काही नवी भर घातली पाहिजे, ही अपेक्षा विद्यापीठीय परंपरेत सर्वमान्य आहे. मानसशास्त्राच्या बाबतीत या अपेक्षेचा अर्थ इतर शास्त्रांहून काहीसा कठीण होतो. रसायनशास्त्रज्ञ ज्या क्षाराचे पृथक्करण करतो तो क्षार लायप्झिगला आणि नांदेडला एकच असतो. मानसशास्त्रज्ञाचा विषय मात्र बोलणारा मनुष्य होय. तो आपल्या भाषेत भितो, आपल्या नात्यागोत्यांत रुसतो आणि विचारलेल्या प्रश्नाचा आपल्या परीने अर्थ लावून मगच उत्तर देतो. म्हणून या विषयातील प्रबंधाचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न अटळ ठरतात. मोजमापाचे साधन ज्या माणसांवर वापरले, त्यांच्यासाठी ते पारखून घेतले होते काय? आणि संशोधकाने स्वीकारलेले विशेषीकरण त्या माणसांच्या एखाद्या खऱ्या प्रश्नातून उद्भवले होते काय?

हा विचार अधांतरी राहू नये म्हणून एक ठिकाण समोर ठेवणे इष्ट होईल. हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या सीमेलगत, कनेरगाव नाका हे गाव आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, तेव्हापासून १९४७ पर्यंत या टापूच्या दक्षिणेस निजामाचा अंमल व उत्तरेस इंग्रजी कारभार अशी स्थिती होती. विद्येच्या वाटाही त्याप्रमाणे दुभंगल्या. दक्षिणेकडच्या विद्यार्थ्यापुढे १९१८ साली स्थापन झालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ होते आणि तेथील अध्यापनाची भाषा उर्दू होती. घरी मराठीत विचार करणाऱ्या मुलाने मनाचे शास्त्र ‘इल्म-उन-नफ्स’ या नावाने शिकावयाचे. उत्तरेकडच्या विद्यार्थ्याला १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ होते. पुढे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ, १९८३ साली अमरावती विद्यापीठ व १९९४ साली नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. आज कनेरगाव नाका नांदेड विद्यापीठाच्या कक्षेत येते, तर शेजारचा वाशीम जिल्हा अमरावतीच्या कक्षेत. विद्यापीठ जवळ आले, अध्यापनात मराठी आली. तथापि मनाच्या मोजमापाची साधने आपली झाली काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

या पदवीचा पूर्वेतिहास येथे उपयोगी पडतो. विल्हेल्म वुंट याने १८७९ साली लायप्झिग येथे प्रयोगशाळा उघडली, त्याच्या आदल्याच वर्षी स्टॅन्ली हॉल याला हार्वर्ड विद्यापीठाची या विषयातील आचार्यपदवी मिळालेली होती. भारतात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याच विद्यापीठाने १९२१ साली गिरींद्रशेखर बोस यांना दमनाच्या संकल्पनेवरील प्रबंधासाठी डी.एस्‌सी. ही पदवी दिली. भारतीय विद्यापीठाने मानसशास्त्रात दिलेली ही पहिली आचार्यपदवी समजली जाते. बोस हे पेशाने वैद्य होते. त्यांच्या विवेचनाला आधार होता तो कलकत्त्यातील रुग्णांच्या प्रत्यक्ष निरीक्षणाचा. परस्परविरुद्ध इच्छांची त्यांची उपपत्ती फ्रॉइडच्या मताहून वेगळी होती. पुढे फ्रॉइडशी झालेल्या पत्रव्यवहारात, युरोपीय रुग्णांत ठळकपणे आढळणारी काही लक्षणे आपल्या भारतीय रुग्णांत तितकी ठळक दिसत नाहीत, हे सांगण्यासही ते कचरले नाहीत. बोस यांची उपपत्ती कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. परंतु आपल्यासमोरच्या माणसाची साक्ष प्रमाण मानून प्रस्थापित सिद्धांताला प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांच्या ठायी होते, आणि या देशातील मानसशास्त्राच्या आचार्यपदवीचा आरंभ अशा अभ्यासकापासून झाला, ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

महाराष्ट्राच्या जवळचे उदाहरण वि. वि. कामत यांचे आहे. बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे त्यांनी मराठी व कानडी भाषिक मुलांसाठी संस्करण केले आणि १९४० साली त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. कसोटीचे संस्करण हे भाषांतराहून निराळे काम आहे. मूळ प्रश्नाला मराठी शब्द दिला म्हणजे भाषांतर संपते. संस्करणाला तेथून आरंभ होतो. प्रत्येक प्रश्न मुलांना विचारून पाहावयाचा, कोणत्या वयाच्या किती मुलांना तो सुटतो हे मोजावयाचे, न साधणारा प्रश्न गाळावयाचा व त्याच्या जागी दुसरा शोधावयाचा, आणि सरतेशेवटी या मुलांची स्वतःची मानके सिद्ध करावयाची. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला आणि १९६२ साली पुण्यातच ज्ञान प्रबोधिनीची स्थापना झाली. या दोन्ही ठिकाणी मराठी मुलांच्या संदर्भात बुद्धिमापनाचा विचार पुढे चालू राहिला. म्हणजे मराठीत परंपरा नाही अशी सबब सांगण्यास जागा नाही.

या पार्श्वभूमीवर आज रूढ असलेला प्रबंधाचा साचा तपासला तर निराशा होते. हा साचा परिचित आहे. समायोजन, चिंता, आत्मसंकल्पना, भावनिक बुद्धिमत्ता यांपैकी दोन चल घ्यावयाचे. मुले व मुली किंवा ग्रामीण व शहरी अशी विभागणी करावयाची. एखादी प्रसिद्ध हिंदी वा इंग्रजी कसोटी मराठीत उतरवून काही शे विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावयाची. आणि दोन गटांच्या मध्यमानांत सार्थ फरक आहे किंवा नाही एवढे सांगून थांबावयाचे. गणित बिनचूक असते. परंतु गणिताच्या मुळाशी असलेला आकडा कोठून आला, याची चौकशी क्वचितच होते.

ती चौकशी करावयाची झाल्यास एका शब्दापासूनही करता येईल. प्रश्नावलीत ‘आपण फार काळजी करता काय?’ असे विधान येते आणि होकारार्थी उत्तराला चिंतेचा गुण मिळतो. परंतु मराठीत काळजी या शब्दाचे दोन अर्थ आहेत. काळजी वाटणे म्हणजे अस्वस्थता, आणि काळजी घेणे म्हणजे जबाबदारीने जपणे. चार मुलांची आई या प्रश्नाला अभिमानाने होय म्हणेल. तिच्या कर्तव्यबुद्धीची नोंद प्रबंधात विकार म्हणून होईल. उलट बाजूने पाहिले तर ‘करमत नाही’, ‘जीव लागत नाही’, ‘जिवाची घालमेल होते’ असे जे शब्दप्रयोग या भागातील माणूस आपल्या मनःस्थितीविषयी सहज करतो, त्यांना अनुवादित कसोटीत बहुधा स्थानच नसते. ‘करमत नाही’ ही अवस्था खिन्नतेत बसते की एकाकीपणात, की दोहोंपेक्षा ती निराळी आहे, हा प्रश्न एका स्वतंत्र प्रबंधाच्या योग्यतेचा आहे.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. हिंगोली व वाशीम या दोन्ही जिल्ह्यांत बंजारा समाजाचे तांडे आहेत. तांड्यातील मूल घरी गोरमाटी बोलते आणि शाळेत आल्यावर मराठी शिकते. घरची माणसे ऊसतोडीला गेली तर त्याच्या शाळेचे काही महिने बुडतात. अशा मुलापुढे मराठी शब्दांची बुद्धिमापन कसोटी ठेवून मिळालेला अंक त्याची बुद्धी दाखवितो, की मराठीशी त्याचा झालेला परिचय दाखवितो, हे केवळ अंकावरून कळू शकत नाही. तथापि एकदा तो अंक कोष्टकात शिरला की त्याला बुद्ध्यंक हे नाव मिळते, आणि ‘ग्रामीण विद्यार्थी शहरी विद्यार्थ्यांपेक्षा कमी आढळले’ असा निष्कर्ष छापला जातो. येथे प्रबंधाचा दोष ग्रंथालयापुरता मर्यादित राहत नाही. शिक्षक तो निष्कर्ष वाचतात, आणि एखाद्या मुलाची बाकावरची जागा त्यावरून ठरू शकते.

पूर्वी नाक्यावर गाडी अडवून माल पाहिला जात असे आणि मगच ती पुढे सोडली जात असे. एका समाजात तयार झालेली कसोटी दुसऱ्या समाजात नेताना असाच एक नाका हवा. मानसमापनाच्या परिभाषेत त्याला विश्वसनीयता, सप्रमाणता व मानके यांची फेरतपासणी म्हणतात. पदवीच्या घाईत गाडी न तपासताच पुढे जाते, हे खरे दुखणे होय. दुर्गानंद सिन्हा यांनी १९८६ साली तिसऱ्या जगातील मानसशास्त्राविषयीच्या आपल्या ग्रंथात भारतीय मानसशास्त्राच्या उसनवारीची मीमांसा केली होती. त्याच्याही आधी, १९७४ साली, आशिस नंदी यांनी परक्या शास्त्राचे केवळ ग्रहण करणाऱ्या संस्कृतीच्या पेचावर लिहिले होते. निदान अनेक वर्षांपूर्वी झालेले आहे. उपचार तेवढे लांबले आहेत.

विशेषीकरणाच्या बाबतीत घोटाळा निराळ्या प्रकारचा आहे. चिकित्सा, समुपदेशन, शैक्षणिक, औद्योगिक, सामाजिक, विकासात्मक, क्रीडा अशा मानसशास्त्राच्या अनेक शाखा आहेत. विद्यार्थी यांतील शाखा निवडतो असे म्हटले जाते. वस्तुतः बहुधा उपलब्ध मार्गदर्शक आणि हाताशी असलेली कसोटी मिळून त्याची शाखा ठरवितात. त्यातही चिकित्सा मानसशास्त्राविषयीचा गैरसमज घातक आहे. खिन्नतेवर प्रबंध लिहून आचार्य झालेला मनुष्य खिन्न रुग्णावर उपचार करण्यास त्यामुळेच पात्र होत नाही. अमेरिकेत १९४९ च्या बोल्डर परिषदेने संशोधक व चिकित्सक यांचे एकत्रित शिक्षण पुरस्कारिले आणि १९७३ च्या वेल परिषदेने व्यवसायासाठी वेगळ्या पदवीला मान्यता दिली. भारतात १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे या क्षेत्रातील व्यावसायिकांच्या नोंदणीचे काम सोपविले, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणास म्हणावे याची व्याख्या केली. त्या व्याख्येचा भर परिषदेने मान्य केलेल्या पात्रतेवर व प्रशिक्षणावर आहे, केवळ आचार्यपदवीवर नाही. गावात मात्र नावामागे ‘डॉ.’ लागले की लोक दुःख सांगावयास येतात. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भ-मराठवाड्यात हा भेद विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगणे हे विद्यापीठाचे नैतिक कर्तव्य ठरते.

या टीकेवर दोन आक्षेप संभवतात व ते न्याय्य आहेत. पहिला असा की, प्रसिद्ध कसोटी वापरल्याखेरीज अन्यत्र झालेल्या संशोधनाशी तुलना करता येत नाही. हे खरे, परंतु तुलना करण्यापूर्वी दोन्हीकडे एकच गोष्ट मोजली गेली आहे, हे सिद्ध व्हावे लागते. दुसरा आक्षेप साधनांचा व वेळेचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार या पदवीसाठी किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे मिळतात. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. दूरस्थ पद्धतीने ही पदवी घेता येत नाही, आणि २०२५ पासून मानसशास्त्राचे अन्य अभ्यासक्रमही दूरस्थ पद्धतीने चालविण्यास आयोगाने मनाई केली आहे. नोकरी वा शेती सांभाळून शिकणाऱ्या कनेरगाव नाक्याच्या विद्यार्थ्याला याची झळ लागते. प्रशिक्षणाची प्रत राखण्यासाठी असे निर्बंध घातले गेले, हे मान्य केले तरी दूरच्या गावातील विद्यार्थ्याच्या निवासाची व शिष्यवृत्तीची तरतूद त्यांच्या जोडीने झाली पाहिजे.

परंतु मर्यादित साधनांतही उत्तम काम होऊ शकते. पाचशे प्रश्नपत्रिका भरून घेण्याऐवजी चाळीस माणसांशी त्यांच्या बोलीत सविस्तर संवाद साधून दुःखाची स्थानिक परिभाषा नोंदविणे. त्या परिभाषेतून पंचवीस विधानांची एक छोटी कसोटी घडवून तिची विश्वसनीयता तपासणे. किंवा तांड्यातील मुलांना तेच प्रश्न गोरमाटीत व मराठीत विचारून दोहोंतील अंतर मोजणे. यांतील प्रत्येक काम एका विद्यार्थ्याच्या आटोक्यातले आहे आणि पुढच्या विद्यार्थ्याला वापरता येईल असे काही मागे ठेवणारे आहे. नांदेड व अमरावती या दोन विद्यापीठांनी सीमेच्या दोन्ही बाजूंस अशी कामे जोडीने करविली, तर निजामाच्या अमलाखाली व इंग्रजांच्या कारभाराखाली वाढलेल्या शेजारच्या गावांतील मनोव्यवहारांची तुलना हा सामाजिक मानसशास्त्राचा एक अपूर्व विषय होईल.

आचार्यपदवी ही अभ्यासकाच्या प्रवासातील एक पायरी आहे, हे सर्व जण म्हणतात. प्रबंध बांधून विद्यापीठात दाखल झाला आणि ‘शोधगंगा’ या संग्रहात चढला, म्हणजे तो चिरकाल उपलब्ध राहतो. त्यातील चुकीचा आकडाही तितकाच चिरकाल राहतो आणि पुढील प्रबंधांत आधार म्हणून उद्धृत होतो. म्हणून परीक्षकांनी मौखिक परीक्षेत सांख्यिकीच्या आधी एक साधा प्रश्न विचारावयास हवा : ही कसोटी ज्या माणसांना दिली, त्यांनी तिचा अर्थ काय घेतला? या प्रश्नाचे उत्तर ज्या प्रबंधात सापडेल तो लहान असला तरी मानसशास्त्राचा आहे. ते ज्यात सापडणार नाही, त्यातील कोष्टके कितीही नेटकी असोत, मनाविषयी त्याने अद्याप काही सांगितलेले नाही.