‘वुल्फ हॉल’ : मेणबत्तीचा उजेड आणि इतिहासाचा निवाडा

थॉमस मोर व थॉमस क्रॉमवेल हे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे दोन प्रतिस्पर्धी मंत्री. रॉबर्ट बोल्टच्या १९६० मधील नाटकाने मोरला सदसद्विवेकाचा हुतात्मा ठरविले. हिलरी मँटेलच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘वुल्फ हॉल’ या बी. बी. सी.च्या मालिकेने २०१५ मध्ये तो निवाडा उलटविला. येथे मोर हा पाखंड्यांचा छळ करणारा कर्मठ, तर लोहाराचा मुलगा क्रॉमवेल संयमी आणि व्यवहारचतुर दिसतो.

रात्रीची दृश्ये मेणबत्तीच्या उजेडात चित्रित करून दिग्दर्शक पीटर कोझ्मिन्स्की यांनी समर्पक प्रतीक योजिले आहे. सत्तेच्या दालनात कोणासही चार हातांपलीकडचे दिसत नाही, हा त्याचा आशय होय. परंतु कॅमेरा बहुधा क्रॉमवेलच्या पाठीशी असल्यामुळे मेणबत्ती जणू त्याच्याच हाती राहते. मोर आपणांस दिसतो तो प्रतिपक्षाच्या नजरेने; त्याच्या अंतःकरणातील द्वंद्व अंधारातच राहते. म्हणून येथील प्रतीक जितके प्रामाणिक आहे, तितका निवाडा नाही, असे म्हणणे प्राप्त होते.

१५३५ मध्ये टॉवर हिलवर मोरचा शिरच्छेद झाला. १५४० मध्ये तेथेच क्रॉमवेलचाही झाला. राजाच्या मर्जीपुढची ही समानता मालिकेच्या २०२४ मधील उत्तरभागात येते. तोवर मोरविषयीचा निवाडा प्रेक्षकाच्या मनात पक्का झालेला असतो.