दाब वाढला, खोकल्याचं काय?

निष्कर्षात ‘सिग्निफिकंट’ शब्द दिसला की आपण पेपर मिटतो. आज जरा पुढे वाचू. उदाहरण आहे मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी असलेल्या श्वसन-स्नायूंच्या व्यायामाचं. यात तोंडात छोटं उपकरण धरून अडथळ्याविरुद्ध श्वास घ्यायचा किंवा सोडायचा असतो.

गरज काय, ते आधी बघा. श्वासपटलाची नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते. इजा त्याखाली असेल तर श्वास चालतो, पण बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू लुळे पडतात. मग खोकल्यात जोर राहत नाही, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. अशा रुग्णांच्या मृत्यूचं ते एक मोठं कारण आहे.

२०१३ च्या कॉक्रेन रिव्ह्यूने या विषयावरचे ११ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत एकूण २१२ जण होते. तोंडाशी मोजलेला श्वासाचा कमाल दाब वाढला, व्हायटल कपॅसिटीही सुमारे ०.४ लिटरने वाढली. धाप लागण्यात मात्र फरक दिसला नाही. जीवनमान मोजायची साधनं वेगवेगळी असल्याने ते आकडे एकत्र करता आले नाहीत. श्वसनाच्या गुंतागुंतींचा अभ्यास तर फारसा झालाच नव्हता.

माझा पहिला आक्षेप दाबाच्या आकड्याला आहे. अडथळ्याविरुद्ध श्वास घेण्याचा सराव करवला आणि चाचणीही जवळपास त्याचीच घेतली. क्लासमध्ये सोडवलेलीच प्रश्नपत्रिका परीक्षेत आल्यासारखं झालं हे. यात स्नायूची ताकद किती आणि सराव किती? व्हायटल कपॅसिटीला हा आक्षेप कमी लागू पडतो, म्हणून तो आकडा मी जास्त गंभीरपणे घेते.

दुसरा आक्षेप आकाराचा. दर अभ्यासात सरासरी २० माणसंसुद्धा नाहीत. न्यूमोनिया काही रोज होत नाही. इतक्या कमी लोकांना काही आठवडे पाहून तो घटला की नाही हे कळणार कसं?

याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी आहे असा नाही. ‘फायदा सिद्ध झाला नाही’ आणि ‘फायदा नाही हे सिद्ध झालं’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हायवात इथेच भले भले अडखळतात.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये आउटकम लिहाल तेव्हा एवढंच विचारा: हा आकडा सुधारला तर रुग्णाच्या दिवसात नेमकं काय बदलेल? उत्तर सुचत नसेल, तर तो मुख्य आउटकम ठेवू नका.