जुगुप्सेचा न्याय

भरतमुनींनीं बीभत्स रसाचा स्थायीभाव म्हणून जुगुप्सा सांगितली आणि तिचे अनुभावही नोंदून ठेविले: अंग आखडणें, तोंड वेडेंवांकडें होणें, थुंकणें, ओकारी येणें. नाट्यशास्त्रांतील हा भाग वाचतांना एक गोष्ट मनांत भरते. शोकाला किंवा उत्साहाला कांहीं अवधि लागतो, कांहीं समजून घ्यावें लागतें. जुगुप्सा तेवढी वाट पाहत नाहीं. ती आधीं शरीरांत उठते आणि विचार तिच्या मागून येतो. आणि मागून येणारा हा विचार बहुधा तिचें वकीलपत्र घेऊनच येतो. या वकिलाची उलटतपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. मनुष्य आपल्या देहांत आत्यंतिक फेरफार करून घेतो तेव्हां पाहणारे काय म्हणतात, कां म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यांत न्याय किती व किळस किती, हा आमचा विषय.

उदाहरणादाखल आम्हीं फ्रान्समधील ऑर्लां या कलावतीची निवड केली आहे. कारण तिच्या प्रकरणांत देह, कला व लोकमत हीं तिन्ही एकाच टेबलावर येऊन पडलीं. ऑर्लांबाईंचा जन्म १९४७ सालीं सँत-एत्येन येथें झाला. १९९० ते १९९३ या काळांत त्यांनीं स्वतःवर नऊ शस्त्रक्रिया करवून घेतल्या आणि त्या सर्व मिळून एकच कलाकृति आहे असें जाहीर केलें. ‘संत ऑर्लांचा पुनरवतार’ असें तिचें नांव. शस्त्रक्रियागृह हेंच नाट्यगृह झालें. नामांकित वेषकारांनीं बेतलेले पोशाख, भोंवतीं सजावट, आणि मध्यभागीं अंग बधिर केलेल्या परंतु पूर्ण शुद्धीवर असलेल्या ऑर्लांबाई मोठ्यानें ग्रंथांतील उतारे वाचीत आहेत, असा तो देखावा असे. सातवा प्रयोग २१ नोव्हेंबर १९९३ रोजीं न्यूयॉर्क येथें झाला. तो उपग्रहाच्या द्वारें पॅरिसच्या पाँपिदू केंद्रांत, टोरांटोस व इतरत्र त्याच क्षणीं दाखविण्यांत आला. दूरदूरचे प्रेक्षक प्रश्न विचारीत व सुरी चालू असतां त्यांना उत्तरें मिळत. गालांचीं हाडें उंच दिसावींत म्हणून जे कृत्रिम तुकडे त्वचेखालीं बसवितात, तेच या वेळीं त्यांच्या दोन्ही कानशिलांशीं, कपाळाच्या कडेला बसविण्यांत आले. ते दोन उंचवटे आजही त्यांच्या चेहऱ्यावर आहेत, व त्या ते लपवीत नाहींत. उलट चमकीचा रंग लावून मिरवितात.

यावर लोकांनीं काय म्हटलें? पुष्कळांनीं कांहींच म्हटलें नाहीं. त्यांनीं डोळे मिटले. दुसऱ्यांनीं या बाईंस वेड लागलें आहे असा निकाल दिला. तिसरा वर्ग टीकाकारांचा. बार्बरा रोझ या अमेरिकन कलासमीक्षिकेनें १९९३ सालीं ‘आर्ट इन अमेरिका’ मासिकांत, ही कला आहे काय, असाच प्रश्न मथळ्यांत घालून तिचा विचार केला. चौथा आक्षेप स्त्रियांच्या बाजूनें आला व तो सर्वांत वजनदार आहे. रूप पालटण्याच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास करणाऱ्या कॅथी डेव्हिस या विदुषींनीं १९९७ सालीं असें सुचविलें कीं, ऑर्लांबाईंचें धाडस भव्य असलें तरी आपल्या रूपाच्या दुःखानें पिचलेल्या सामान्य स्त्रीची वेदना त्यांत हरवून जाते. या सर्वांच्या खालीं वर्तमानपत्री समजूत पसरलेली होतीच: या बाईंना बोत्तिचेल्लीच्या व्हीनसची हनुवटी व मोनालिसाचें कपाळ घेऊन जगांतील सर्वांत सुंदर स्त्री व्हावयाचें आहे! वस्तुतः त्या चित्रांची निवड रूपासाठीं नव्हे, तर त्यांतील स्त्रियांच्या कथांसाठीं केली आहे, असें त्यांनीं वारंवार सांगितलें होतें. परंतु बाई सुरीखालीं जाते ती सुंदर होण्यासाठींच, याहून निराळें कारण लोकांच्या कल्पनेंत मावेना.

प्रथम कलेचा हिशेब चुकता करूं. रक्त व आंतडीं यांच्या दर्शनानें उपजणाऱ्या बीभत्सास भरतांनीं क्षोभज म्हटलें आहे. म्हणजे रक्ताला रंगभूमीवर मज्जाव नव्हता. पण रंगभूमीवरील रक्त हें रक्त नव्हे, हें नटास व प्रेक्षकास दोघांसही ठाऊक असतें. भट्टनायकांनीं व अभिनवगुप्तांनीं ज्यास साधारणीकरण म्हटलें, तें या जाणिवेच्या आधारावर उभें राहतें. जखम अमक्याची किंवा माझी न राहतां मनुष्यमात्राची होते, तेव्हां जुगुप्सेचा बीभत्स रस होतो. तोंवर ती केवळ मळमळ असते. न्यूयॉर्कच्या प्रयोगांत सुरी खरी, त्वचा खरी, आणि जिची ती त्वचा ती बाई आपल्या नांवानिशीं समोर बोलत आहे. प्रेक्षक सुरीकडे पाहूं लागला तर वाचन ऐकूं येत नाहीं, आणि डोळे मिटले तर प्रयोगच उरत नाहीं. आपणांस वेदना होत नाहींत, त्या पाहणारांस होतात, असें ऑर्लांबाई व्याख्यानांतून सांगत. हें खरें असलें तरी तें त्या प्रयोगाचें समर्थन नव्हे, दोषदिग्दर्शन आहे. ज्या कृतींत प्रेक्षकाला स्वतःला सांवरण्यावांचून दुसरें कांहीं करतां येत नाहीं, तिनें त्याच्या विचाराला आवाहन केलें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

याच शस्त्रक्रियेनंतरची त्यांची चित्रमालिका मात्र आमच्या मतें थोर आहे. एकेचाळीस दिवस रोज त्यांनीं आपल्या चेहऱ्याचें छायाचित्र घेतलें. सुजलेला, काळानिळा, मग पिवळा, मग हळूहळू निवळणारा चेहरा. प्रत्येकाच्या जोडीला संगणकावर जुळविलेली, चित्रांतील देवतांच्या मुखांशीं मिसळलेली स्वतःचीच प्रतिमा मांडली. येथें सुरी नाहीं. सुरीचा काळ आहे. आरशांत पाहून घर सोडणाऱ्या प्रत्येक मनुष्याला ठाऊक असलेलें अंतर, आपला चेहरा आणि आपल्या मनांतील आपला चेहरा यांमधील, त्या जोड्यांत दिसतें. तेथें प्रेक्षक पळत नाहीं, थांबतो. तेव्हां प्रयोगाविषयीं लोकांस आलेला उबग हा कलेच्या दरबारांत अगदींच निराधार होता असें नाहीं.

पण लोकांनीं आपला खटला कलेच्या दरबारांत चालविलाच नाहीं. त्यांनीं तो नीतीच्या दरबारांत नेला, आणि तेथें साक्षीदार एकच: आमची किळस. या साक्षीदारास एक प्रश्न विचारला पाहिजे. जो तुकडा गालांत बसविला असतां ‘किती शोभतें’ म्हणावयाचें, तोच चार बोटें वर सरकला कीं अमंगल कसा होतो? सुरी तीच, रक्त तेंच, धोका तोच. दरवर्षीं जगांत लक्षावधि माणसें नाक, पापण्या, ओठ व छाती यांवर शस्त्रक्रिया करवून घेतात; ती बातमी ऐकून कोणी ओकत नाहीं. तेव्हां किळस सुरीची नव्हती, रक्ताचीही केवळ नव्हती. कारण ज्यांनीं तो प्रयोग पाहिलाच नाहीं, त्या दोन उंचवट्यांचें केवळ छायाचित्र पाहिलें, त्यांनींही नाक मुरडलें. गालांतला तुकडा समाजाची आज्ञा पाळतो आणि कपाळावरचा मोडतो. लोकांस शिसारी आली ती आज्ञाभंगाची, आणि तिला त्यांनीं रक्ताचें नांव दिलें.

हें दूर फ्रान्सांतलें म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं. आमच्याकडे कर्णवेध हा संस्कार आहे. तान्ह्या मुलाचें कान टोंचून घरांत पेढे वांटतात. आजींच्या हातांवरचें गोंदण सोसलें गेलें तें सुईनेंच. ही मंगल बाजू झाली. दुसरी बाजू आठवावी. हरिभाऊ आपट्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मध्यें यमूच्या केशवपनाचा प्रसंग लिहिला, तेव्हां वपन केलेली विधवा हें घरोघरचें दृश्य होतें. शस्त्रक्रियेच्या मानानें वपन ही लहान गोष्ट म्हणावी, तर त्या मुलीची संमति नव्हती हें ती लहान नसल्याचें प्रमाण आहे. आणि लोकांची जुगुप्सा त्या वेळीं कोणाकडे वळली होती? वस्तऱ्याकडे नव्हे. ज्या विधवेनें केस राखले तिच्याकडे. तिच्या हातचें पाणी वर्ज्य, तिचें दर्शन अशुभ. ज्यांच्या हातांत वस्तरा होता त्यांना मात्र तो खुपला. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिक मंडळींनीं विधवांचें वपन न करण्याचा निर्धार केला. सभ्य गृहस्थांच्या किळसेला जें दिसलें नाहीं, तें कारागिराच्या हाताला समजलें. या एका उदाहरणावरून आमचा सिद्धांत पुरा होतो: जुगुप्सा अन्यायाच्या बाजूलाही तितक्याच जोरानें उभी राहते, म्हणून ती भावना असूं शकेल, निवाडा नव्हे.

मग ज्यानें त्यानें आपल्या देहाचें वाटेल तें करावें काय? येथपर्यंत आम्ही जात नाहीं. इंग्लंडांत वुल्व्हरहॅम्प्टन येथें गोंदण व टोंचण्याचा धंदा करणाऱ्या एकानें गिऱ्हाइकांच्या संमतीनें एकाचा कान कापून काढला, दुसऱ्याचें स्तनाग्र काढलें, तिसऱ्याची जीभ दुभंगली. वैद्यकाची कोणतीही पात्रता त्याच्याजवळ नव्हती. २०१८ सालीं तेथील अपील न्यायालयानें ठरविलें कीं, अशा कृत्यांत संमति हा बचाव होऊं शकत नाहीं. २०१९ सालीं त्यास चाळीस महिन्यांची शिक्षा झाली. हजारों लोकांनीं त्याच्या बाजूनें सह्या केल्या होत्या. गोंदण व टोंचणें यांस न्यायालयानें बाजूस ठेविलें. पण हीं कृत्यें शल्यवैद्याचीं आहेत व तीं तशीं शिकून, तशा व्यवस्थेंतच झालीं पाहिजेत, हा त्या निर्णयाचा गाभा. आमच्या देशांतही तिरुचिरापल्ली येथें डिसेंबर २०२४ मध्यें गोंदणाच्या दुकानांत जिभा दुभंगणाऱ्या दोघांस अटक होऊन दुकानास टाळें लागलें. या दोन्ही ठिकाणीं कायद्यानें विचारलेला प्रश्न किळसेचा नव्हे, काळजीचा होता: रक्त थांबलें नाहीं तर काय, विष भिनलें तर कोण धांवेल? ऑर्लांबाईंच्या उशाशीं शल्यविशारद होती. वुल्व्हरहॅम्प्टनच्या दुकानांत नव्हती. हा भेद जुगुप्सेला दिसत नाहीं. तिला कपाळावरचा उंचवटा व कापलेला कान सारखेच. काळजीला मात्र तो प्रथम दिसतो.

कान कापावा इतकी ओढ कोणाच्या मनांत कां उत्पन्न व्हावी, हा प्रश्नही रास्त आहे, आणि कधीं त्याच्या तळाशीं खरोखरीचें दुखणें असतें. पण तो प्रश्न त्या माणसाजवळ बसून विचारावयाचा असतो. नाकाला पदर लावून विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नव्हे. तो निकाल असतो, आणि उत्तर देणाराला तें तत्काळ कळतें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं ही गोष्ट आज ना उद्यां चित्रांतून न येतां दारांतून येणार आहे. पुतण्या, भाची किंवा स्वतःचें मूल सुटीस घरीं येईल आणि हंसतांना त्याची दुभंगलेली जीभ दिसेल. अंग शहारेल, तें शहारूं द्यावें, त्यांत कोणाचा दोष नाहीं. त्यानंतर तोंडून पहिलें वाक्य कोणतें निघतें, यावर पुढील पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. ‘हें काय करून घेतलेंस?’ असें म्हणणारास उत्तर मिळणार नाहीं. ‘कोणाकडून केलेंस, सुरी स्वच्छ होती का, आतां गिळतांना दुखतें का?’ असें विचारणारास, आमचा भरंवसा आहे, कां केलेंस हेंही कधीं तरी कळेल.