यंत्राच्या साक्षीवर निवाडा नको

संशोधक विद्यार्थ्यांनी एआय वापरावं की नाही, यावर बरंच बोललं जातं. आपण आज दुसऱ्या बाजूनं बघू. 'हे एआयनं लिहिलंय' असं ठरवणाऱ्या डिटेक्टरवर विद्यापीठांनी किती विसंबावं?

2023 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे सात डिटेक्टर तपासले. टोफेलसाठी लिहिलेले 91 निबंध घेतले, म्हणजे इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेले. सरासरी 61 टक्के वेळा ते एआयचे ठरले! अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. कारण साधं आहे. पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, हे ही यंत्रं मोजतात. मोजकेच शब्द आणि सरळ वाक्यं दिसली, की संशय. पुढची गंमत ऐका. तेच निबंध चॅटजीपीटीकडून 'शब्द जरा भारी कर' म्हणून बदलून घेतले, तर चुकीचा आरोप 12 टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे स्वतः लिहिणारा अडकला आणि यंत्राची मदत घेणारा सुटला.

नमुना लहान होता, यंत्रंही तेव्हापासून बदलली आहेत, हे मान्य. पण त्याच वर्षी ओपनएआयनं आपलाच डिटेक्टर अचूकता कमी म्हणून मागे घेतला. व्हँडरबिल्ट विद्यापीठानंही टर्निटिनची ही सोय बंद केली.

'मग नक्कल रोखायची कशी?' हा प्राध्यापकांचा प्रश्न रास्तच आहे. पण यूजीसीच्या 2018 च्या नियमांतलं साम्य आणि हा आकडा, यांत आपण गल्लत करतो. साम्य दाखवताना मूळ मजकूर शेजारी ठेवता येतो, तपासता येतो. डिटेक्टर नुसती शक्यता सांगतो. विद्यार्थ्यानं खोडून काढायचं तरी काय?

आमचं म्हणणं एवढंच, की गाइडनं काय चालेल, काय नाही, हे सुरुवातीलाच लेखी द्यावं. कच्चे मसुदे, टिपणं बघावीत, समोर बसवून अर्धा तास प्रश्न विचारावेत. आणि एआयला परवानगी द्यायची, तर ते सगळ्यांना मिळेल, हेही बघावं. महिना 20 डॉलर हे जेआरएफ मिळणाऱ्याला एक वेळ परवडेल, फेलोशिप नसलेल्याला नाही.

यात वेळ जातो, खरंय. पण मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या मुलीची पदवी पणाला लागते, तेव्हा तो वेळ आपण द्यायलाच हवा.