पदवी परदेशाची, प्रयोगशाळा आपल्याच वर्गाची

विद्युतमंडल शिकवून झाले, घटाला बल्ब जोडून तो पेटवूनही दाखवला, तरी अर्धा वर्ग उत्तरपत्रिकेत लिहितो की बल्बमध्ये शिरणाऱ्या धारेपेक्षा बाहेर पडणारी धारा कमी असते. दहा-बारा वर्षे हेच पाहिल्यावर एखाद्या शिक्षकाला वाटते, की याचा पद्धतशीर शोध घ्यावा, कोणा जाणकाराने तो तपासावा आणि जमल्यास त्यावर पदवीही मिळावी. यात गैर काहीच नाही. पण नोकरी सोडता येत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नेमक्या याच विषयावर पीएच.डी. करता येते, परंतु तेथे पूर्ण वेळ जाऊन राहायला हवे. आपल्या विद्यापीठांतील एम.फिल. २०२२ च्या नियमांनी बंद झाली, आणि दूरशिक्षणाने पीएच.डी. करायला विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे. मग नजर परदेशातील विद्यापीठांच्या माहितीपत्रकांकडे वळते. ही माहितीपत्रके कशी वाचावीत आणि त्यातून हाती काय लागते, हे आपण जरा कठोरपणे पाहू.

पहिली अडचण नावाची आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची एम.ए. ही पदवी बी.ए. झालेल्यांना काही वर्षांनी नव्या परीक्षेवाचून मिळते, संशोधनाचा तर प्रश्नच नाही. ब्रिटनमधील बहुतेक विद्यापीठांत एम.फिल. म्हणजे निव्वळ संशोधन, पण ऑक्सफर्डमध्ये एम.फिल.ला शिकवणी, परीक्षा आणि प्रबंध असे सगळेच असते. तेव्हा नावावर न जाता एकच प्रश्न विचारावा : एकूण कामापैकी संशोधन किती? ऑस्ट्रेलियात संशोधनाच्या मास्टर्स पदवीत निदान दोन-तृतीयांश भाग संशोधनाचा आणि त्याच्या प्रशिक्षणाचा असावा, असा राष्ट्रीय आराखडाच आहे. दक्षिण आफ्रिकेत मास्टर्सला किमान १८० श्रेयांक लागतात. संशोधनाची पदवी असेल तर ते सगळे एका प्रबंधाचे असतात. शिकवणीची असेल तर संशोधनाला ६० श्रेयांकही चालतात. दोन्ही पदव्या ‘मास्टर्स’च, आणि माहितीपत्रकात दोन्हींपुढे ‘संशोधनाधारित’ लिहिलेले असू शकते.

एक श्रेयांक म्हणजे साधारण दहा तासांचे काम. म्हणजे १८० श्रेयांकांना १८०० तास. शाळा, तपासणी आणि निवडणुकीची कामे सांभाळून आठवड्याला दहा तास काढणाऱ्या शिक्षकाला १८० आठवडे, म्हणजे साडेतीन वर्षे लागतील. माहितीपत्रकात ‘सवडीने शिका’ असे असते. सवडीचा हा हिशेब मात्र आपणच मांडायचा असतो.

उदाहरण म्हणून दक्षिण आफ्रिकेचे युनिसा घेऊ. १८७३ साली केप ऑफ गुड होप विद्यापीठ म्हणून स्थापन झालेली ही संस्था १९१६ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ साउथ आफ्रिका झाली आणि १९४६ पासून टपालाने शिकवू लागली. नेल्सन मंडेलांची १९४३ ची बी.ए. येथलीच आणि १९८९ ची कायद्याची पदवीही येथलीच. दुसरी तर कैदेत असताना मिळालेली. गणित व विज्ञानशिक्षण या विषयात केवळ प्रबंधावर मास्टर्स करण्याची सोय येथे आहे. आधी संशोधनाचा आराखडा लिहून मान्य करून घ्यायचा, मग माहिती गोळा करायची, मग प्रबंध. त्या विषयाचा मार्गदर्शक मोकळा नसेल तर चांगल्या अर्जदारालाही नकार येतो. आम्हांला हा नकार प्रामाणिक वाटतो. येईल त्याला प्रवेश देणाऱ्या संशोधन-पदवीपासून चार हात दूर राहिलेले बरे.

आता मुद्द्याचे बोलू. दूर राहून संशोधन होऊ शकते का? रसायनशास्त्रात किंवा जीवशास्त्रात बहुधा नाही. जेथे उपकरणे हवीत, शेजारी कोणीतरी पिपेट कसे धरले आहे ते पाहायला हवे, तेथे टपाल आणि संगणक पुरत नाहीत. गणितात, विज्ञानाच्या इतिहासात होऊ शकते. आणि विज्ञान कसे शिकले जाते या विषयात तर शिक्षक जेथे उभा आहे तीच प्रयोगशाळा असते. प्रिटोरियाला जाऊन राहिलेल्या विद्यार्थ्याला ही प्रयोगशाळा उलट मागे सोडून जावी लागेल.

पण याच सोयीत एक सापळा आहे. समजा, आमच्या शिक्षकाने विद्युतधारेचा पाठ नव्या पद्धतीने घेतला, नंतर चाचणी घेतली, गुण वाढले आणि त्याने पद्धत यशस्वी ठरवली. बी.एड.च्या कृतिसंशोधनात एवढ्यावर काम भागते. मात्र पाठ घेणारा तोच, प्रश्न काढणारा तोच, तपासणारा तोच. मुलांनाही सरांना काय ऐकायचे आहे ते ठाऊक. जुन्या पद्धतीने शिकलेली तुकडी तुलनेला नाही. दोन महिन्यांनी समजूत पुन्हा मूळपदावर येते का, हे पाहिलेले नाही. विद्यापीठाच्या आवारात ही चूक चहा पिताना कोणीतरी सहज दाखवून देतो. दूर बसलेल्या मार्गदर्शकाला वर्ग दिसत नाही, तुम्ही जे लिहाल तेवढेच दिसते. आराखड्यात तो नेटाने शिरला नाही तर चूक थेट परीक्षकाच्या अहवालात उघडी पडते, आणि तोवर ते वर्ष, ती मुले, दोन्ही निघून गेलेली असतात. दूरशिक्षणाचे खरे दुबळेपण येथे आहे, आणि माहितीपत्रके याविषयी चकार शब्द काढत नाहीत. मार्गदर्शक एक प्रकरण वाचायला किती आठवडे घेतो, हे तेथे शोधून सापडणार नाही.

एका बाबतीत मात्र ही विद्यापीठे आपल्या पुढे आहेत. मुलांवर काही अभ्यास करायचा तर आधी संशोधन-नीती समितीची परवानगी लागते. पालकांची लेखी संमती हवी, मुलाचाही होकार हवा, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलाचे काही बिघडणार नाही याची खात्री द्यावी लागते. स्वतःच्याच वर्गातले मूल सरांना खरोखर ‘नाही’ म्हणू शकते का? आपल्याकडच्या कृतिसंशोधनाच्या वह्यांमध्ये हा प्रश्न आम्हांला क्वचितच भेटला आहे.

एवढे करून मिळालेल्या पदवीची येथे किंमत काय? सरकारी हिशेबाने, नाही म्हटले तरी चालेल. आयोगाने २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नियम काढले, ते समोर हजर राहून केलेल्या अभ्यासाला धरून आहेत. ऑनलाइन आणि दूरशिक्षण त्यातून वगळले आहे. वेतनश्रेणी किंवा प्राध्यापकपद डोळ्यांपुढे असेल तर या वाटेने जाऊ नये. बनावट पदव्यांचा बाजार पाहता या नियमामागची भीती आम्हांला समजते. पण तो पदवी देणाऱ्याची लायकी न बघता ती कोठे बसून मिळवली एवढेच बघतो. प्रबंध बाहेरच्या परीक्षकांनी तपासला, तो सर्वांना वाचायला खुला आहे, तर त्याची पारख येथल्या विद्यापीठालाही करता यावी. वर्गातल्या प्रश्नावर संशोधन करायला सर्वांत योग्य जागी असलेला माणूस शाळेचा शिक्षक आहे, आणि आपले सगळे नियम मिळून त्यालाच दार बंद करतात.

तरीही ज्यांना हे काम करायचेच आहे त्यांनी पैसे भरण्याआधी युनिसाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जावे. तेथे प्रबंध पूर्ण स्वरूपात ठेवलेले आहेत, आणि त्यांतले कित्येक शिकवण्याची नोकरी करणाऱ्यांनीच लिहिलेले आहेत. आपल्या विषयाचे दोन घ्या, मधली प्रकरणे सोडा. प्रश्न कसा मांडला आहे आणि शेवटी आपल्या अभ्यासाच्या मर्यादा लेखकाने किती मोकळेपणाने कबूल केल्या आहेत, तेवढे वाचा. पहिल्या पानावर मार्गदर्शकाचे नाव असते. त्या नावाचे आणखी दोन प्रबंध काढा. मग एका पानाचे पत्र लिहा, त्यात विद्युतधारेचा तो प्रश्न आणि तुमच्या मुलांनी लिहिलेली तीन-चार उत्तरे जशीच्या तशी घाला, आणि काय उत्तर येते ते पाहा.