सकारात्मक विचार आणि मैत्रीभावना

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात सकारात्मक विचारांची पुस्तके शोधावी लागत नाहीत. नॉर्मन व्हिन्सेंट पील या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या १९५२ सालच्या पुस्तकाने लोकप्रिय केलेला हा विचार मराठीतही स्थिरावला आहे. त्याला आता आत्मकरुणेची जोड मिळाली असून दोहोंस बुद्धवचनाचा आधार दाखविला जातो. तो आधार कितपत खरा, हे तपासणे आम्हांस आवश्यक वाटते.

मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून होतो, हे खरे. ज्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले, त्या धर्मानंद कोसंबींनी संपादिलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात आचार्य बुद्धघोष तसे सांगतात. परंतु तेथेच ते बजावतात की, केवळ स्वतःविषयी ही भावना शंभर वर्षे केली तरी समाधी साधणार नाही. साधक स्वतःला घेतो तो साक्षी म्हणून. मला सुख हवे, दुःख नको. तसेच इतरांसही, हे कळावे म्हणून. स्वतःहून प्रिय कोणी नाही, असे राजा प्रसेनजित आणि राणी मल्लिका यांस आढळले. भगवंतांनी ते नाकारले नाही. त्यातून निष्कर्ष काढला तो मात्र इतरांची हिंसा न करण्याचा.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली केलेल्या आत्मकरुणेच्या मांडणीतही 'दुःख सर्व मानवांस समान आहे' ही जाणीव एक अंग म्हणून होती. बाजारी पुस्तकांत बहुधा हेच अंग गळते आणि उरते ते स्वतःचे लाड.

यात आमच्या समाजाची हानी कोणती? दुःख हे चुकीच्या विचारांचे फळ ठरले की, दुःखी माणूसच दोषी ठरतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या, बहुतांश दलित असलेल्या स्त्रियांना कोणी म्हणावे काय, की तुमचे विचार नकारात्मक आहेत? १९९३ साली त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढे महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. २००८ साली 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेचा महानगरपालिकेशी करार झाला. त्यांचा आत्मसन्मान वाढला तो संघटनेतून. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी माणसाचे माणसाशी असलेले नाते धम्माच्या केंद्रस्थानी ठेवले, त्याचे मर्म येथे दिसते.

तथापि एक दोष आमच्याही पदरी आहे. मनाची साधना म्हणजे पलायन, असे आमच्यातील काही कार्यकर्ते सरसकट म्हणतात. त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी चित्तशुद्धीस महत्त्व दिले आहे, याचा त्यांना विसर पडतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला हीन मानावयास शिकविले गेले, त्यांना स्वतःविषयी मैत्री ही चैन नव्हे, गरज आहे. स्वतःला क्षुद्र लेखणारा मनुष्य दुसऱ्यासाठी फार काळ लढू शकत नाही. लढला तरी त्याच्या लढ्यात द्वेष शिरतो.

म्हणून आमचा आक्षेप स्वतःवरील मैत्रीला नाही. ती स्वतःपाशीच थांबविण्याला आहे. विहारात डोळे मिटून 'मी सुखी होवो' म्हणणाऱ्या उपासकाने डोळे उघडल्यावर विहाराबाहेर रस्ता झाडणाऱ्या भगिनीकडे पाहावे. तिच्या सुखासाठी आपण काय करणार, या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत त्याची भावना अपुरीच होय.